देवीचा दृष्टांत आणि सत्तावीस फेटे

डमडम, कोलकाता
१० सप्टेंबर २०२५

ती. कमलआत्यास,
उन्मेषचा शि. सा. न. वि. वि.

तू मोबाईलवरचं वाचत नाहीस म्हणून कागद खर्ची घालतोय. डोकं भणभणलंय. आमच्या वरच्या मजल्यावरच्या मधुवंतीचं लग्न ठरतंय, आणि ठरवलंय कुणी, तर प्रत्यक्ष देवीने. गणपतीविसर्जनाच्या पहाटे तिच्या आईला, सुचित्राकाकूंना, स्वप्न पडलं. देवी म्हणाली की आज फेटा बांधलेला मुलगा दारात येईल, तोच तुझा जावई. अकराला बेल वाजली. दारात फोर्ट विल्यमचा कॅप्टन अजेय, फेटा बांधून, आरतीचं ताट मागायला. कालपर्यंत फौजी जावई नको म्हणणाऱ्या काकू तिथेच हात जोडून उभ्या. आपण याला दृष्टांत म्हणतो, इथले शेजारी स्वप्नादेश. दोन्ही भाषांत मी मेलो.

अगं, आदल्या रात्री इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर सूचना होती की मिरवणुकीत सर्व पुरुषांनी फेटा बांधावा. ती वाचून झोपल्यावर स्वप्नात काय हेल्मेट येणार? त्या दिवशी सत्तावीस फेटे मीच बांधले, अजेयचाही. मिरवणूक तीनची, हा साडेदहालाच हजर. फौजी शिस्त म्हणे. मंडळातल्या बासष्ट वर्षांच्या शरदकाकांनी बेल दाबली असती तरी देवी खरीच ठरली असती. हे मी काकूंना जिन्यात, जरा वरच्या आवाजात, सांगितलं. त्या म्हणाल्या की ज्याला इंजिनिअरिंगची दोन वर्षं झेपली नाहीत त्याने देवीचे पेपर तपासू नयेत.

दसऱ्याला साखरपुडा आहे. तू तीस वर्षं विज्ञान शिकवलंयस, काहीतरी मुद्देसूद लिहून पाठव. लोभ ठेव, सध्या इकडे त्याची टंचाई आहे.

तुझा,
उन्मेष

नागपूर
१७ सप्टेंबर

चि. उन्मेष यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं, त्यात शाईपेक्षा राग जास्त होता. मुद्दा तुझा बरोबर आहे. आमच्या आईला माझ्या प्रत्येक परीक्षेआधी मी नापास झाल्याचं स्वप्न पडायचं. चौदा वेळा पास झाले, ती स्वप्नं कुणी मोजली नाहीत. एकदा गणितात आपटले आणि आई गल्लीत त्रिकालज्ञ ठरली. बायका आपापली स्वप्नं घेऊन हळदीकुंकवाला येऊ लागल्या. लागलेलं लक्षात राहतं, चुकलेलं चहाबरोबर पोटात जातं.

पण राजा, कॉलेज सोडताना तुलाही आतून आवाज आला होता. तो कुठल्या प्रयोगशाळेत तपासलास? आणि तुझ्या पत्रात देवी काय म्हणाली, काकू काय म्हणाल्या, शरदकाकांचं वय किती, सगळं आहे. मधुवंती काय म्हणते ते कुठेच नाही. तिला विचारलंस का?

जेवत जा. आशीर्वाद पुष्कळ आहेत, जपून वापर.

तुझी,
आत्या

डमडम
२६ सप्टेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न.

विचारलं. न्यू टाउनच्या ऑफिसला निघाली होती, तिला स्टेशनजवळ गाठलं आणि तुझंमाझं शास्त्र ऐकवलं. ती म्हणाली की सगळं बरोबर, एकच गोष्ट राहिली. आईने साडेसातला चहावर स्वप्न सांगितलं, आणि पावणेआठला मधुवंतीनेच अजेयला फोन केला की आधी उन्मेषकडून फेटा बांधून घे, मग आमची बेल दाब. दोघांचं दीड वर्ष चाललंय. आई ऐकत नव्हती. देवीने आयती वाट दाखवल्यावर ती का सोडायची?

आत्या, तो फेटा सुटू नये म्हणून मी दोन पिना जास्त लावल्या होत्या.

आईला कळू देऊ नकोस, असं तिने विनवलं. मी हो म्हणालो. ती माझ्याशी एवढा वेळ पहिल्यांदाच बोलत होती.

काल काकूंनी जिन्यात अडवलं. माझ्या बोलण्याने त्यांची झोप उडालीय. सूचना त्यांनीही वाचली होती, तर स्वप्न देवीचं की मोबाईलचं, आणि साखरपुडा पुढे ढकलावा का, असं त्यांनी हळूच विचारलं. उत्तर माझं तोंडपाठ होतं. तरी मी म्हणालो की काकू, सूचना सगळ्यांना गेली, पण बेल एकानेच दाबली. देवीशिवाय हे कोण घडवणार. त्यांचे डोळे भरून आले. दसऱ्याला शंकेखोर पाहुण्यांना हे मीच समजावून सांगायचं, असं त्यांनी ठरवून टाकलंय.

तुझा लोभ आहे हे मात्र मी कुठल्याही पुराव्याशिवाय मानतो.

तुझा,
उन्मेष