शेवटची नळी

३ मार्च
चष्मेवाल्या डॉक्टरांची मागणी आली. गाठींवरच्या संशोधनासाठी आमच्या हॉस्पिटलच्या भांडारातले काही नमुने हवेत. बाकीचे ठीक, पण एक भावजींचा! ह्यांचा धाकटा भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचे तुकडे मीच फ्रीझरमध्ये ठेवले होते. त्या तुकड्यांची एकच नळी उरलीय. शेवटची नळी घरच्यांना विचारल्याशिवाय द्यायची नाही, हा आमचा नियम. घरचे म्हणजे सासूबाई.

साहेबांना म्हटलं, दुसऱ्या कुणाला तरी विचारायला सांगा. "अहो, घरचंच तर आहे!" धन्य!

५ मार्च
भाजी निवडताना तोंडापर्यंत आलं आणि गिळलं.

६ मार्च
हे म्हणतात, "आईला कशाला त्रास? मी करतो सही." नको म्हटलं. मुलगा त्यांचा.

८ मार्च
विचारलं एकदाचं. सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. टॉवेल हातातच राहिला.

"म्हणजे त्याचं काहीतरी अजून आहे?"

आहे म्हटलं. करंगळीच्या नखाएवढं.

"आणि हे मला आत्ता सांगतेस!"

जेवल्या नाहीत.

९ मार्च
चहा घेता घेता सासूबाई — "किती गार असतं गं तिथं?" उणे ऐंशी म्हटलं. "अगंबाई! त्याला तर पंखासुद्धा सोसायचा नाही." मग एकदम हसल्याच. "आधीच एक नमुना होता, तुम्ही त्याचा आणखी नमुना केलात!"

मलाही हसू आलं. किती दिवसांनी भावजींचं नाव निघून कुणी हसलं घरात!

११ मार्च
त्यांना भांडारात घेऊन गेले. फ्रीझर बघून हिरमुसल्या. "एवढंच? कपाटासारखं कपाट!" दार उघडायचा हट्ट धरला, मी उघडलं नाही — उबेनं सगळ्यांचेच नमुने बिघडतात. मग दारावर तळहात ठेवून उभ्या राहिल्या. काहीतरी पुटपुटल्या, पण यंत्राच्या घरघरीत ऐकू आलं नाही. मी आपली उगाच टेबल पुसत बसले.

बाहेर आल्यावर म्हणाल्या, "मी नाही म्हटलं तर?"

तर इथंच राहील. कुणी हात लावणार नाही.

"आणि हो म्हटलं तर?"

संपेल. खोटं कशाला बोलू?

१४ मार्च
स्वतःहून म्हणाल्या, "दे पाठवून. घरात कधी एका जागी बसला नाही तो, तिथं किती कोंडून ठेवायचा? आणि त्या डॉक्टरला सांग, नीट सांभाळून घे म्हणावं."

सही केली. हे उठून गॅलरीत गेले. मी मात्र सासूबाईंसमोरच रडले, आणि समजूत त्यांनी काढली माझी!

१७ मार्च
नळी काढली. डबा जुना, नळीवरची शाई उडालेली. म्हणून जागेवरून ओळखली — झाकणावरच्या खुणेपासून मोजलं, पहिल्या ओळीतलं पहिलं घर. कोरड्या बर्फात ठेवली, पेटी बंद केली.

घरी शिरताच सासूबाईंचा प्रश्न — "निघाला?" निघाला म्हटलं. पोटभर जेवल्या.

२१ मार्च
सासूबाईंनी भावजींचे शर्ट कपाटातून काढून देऊन टाकले. इतकी वर्षं कुणाला हात लावू देत नव्हत्या! मोकळ्या झाल्यासारख्या दिसतात. बरं वाटलं.

२६ मार्च
चष्मेवाल्या डॉक्टरांचा फोन. नळीतला तुकडा बाईचा आहे!

डबा काढून पाहिला. झाकणावरची खूण एका बाजूला, डब्यावरची दुसऱ्या. कुणीतरी कधीतरी झाकण उलटं बसवलंय. पहिलं घर समजून मी शेवटचं उचललं. खऱ्या पहिल्या घरात भावजींची नळी तशीच आहे.

म्हणजे भावजी गेलेलेच नाहीत.