पंधरावी

ग्रीनवुड, मिसिसिपी
४ मार्च १९९६

ती. ओडेसाताईस,
व्हर्डेलचा सा. न. वि. वि.

तुझ्या भाचीला, माझ्या जोनेलला, आपल्या चर्चमधल्या ब्रदर हॉलिसने त्याच्या अंत्यविधीगृहातून काढलं. चार वर्षं दारात उभी राहून शोकाला आलेल्यांना बसवत होती. पाचव्या महिन्यात पोट दिसायला लागलं, तशी ह्याची भक्ती उफाळली. म्हणाला, शवपेटीशेजारी असलं पोट शोभत नाही. नाताळात हाच माणूस पोटुशी मेरीला चर्चभर मिरवतो! किळस येते गं.

नोकरीबरोबर बाळंतपणाचा विमाही गेला. केंद्र सरकारच्या कचेरीतली बाई म्हणाली, हा भेदभावच, पण कायदा निदान पंधरा कामगार असले तरच लागतो. मी तिच्यासमोर बोटांवर मोजले. चौदा. राज्याचा कायदा विचारला, तर मिसिसिपीत तसला कायदाच नाही म्हणे.

तुझ्या पत्राकडे डोळे लावलेली,
व्हर्डेल

डेट्रॉइट
११ मार्च

चि. व्हर्डेलीस अ. आ.

इथे मिशिगनमध्ये एकच कामगार असला तरी राज्याचा कायदा मालकाच्या मानगुटीवर बसतो. तुमच्याकडे बायकांनी पंधरावा उगवेपर्यंत कळ काढायची!

आता सांग, अकरा वर्षं रोज सकाळी आठाला जाऊन तिथल्या मेलेल्या बायकांचे केस कोण बसवतं? शुक्रवारी पाकीट कोण घेतं? की तूही त्यांच्याच शेजारी आडवी असतेस? हॉलिस तुला घरची म्हणतो, म्हणून तू स्वतःला मोजलंच नाहीस. मठ्ठ कुठली! त्याचं मन राखायचं की पोरीचं बाळंतपण, ते ठरव.

जोनेलला माझे पापे.
रागावली तरी तुझीच,
ओडेसा

ग्रीनवुड
२९ मार्च

ती. ताईस सा. न.

दोन दिवस तुला शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन माझं नाव लिहून आले.

बातमी लागताच हॉलिस केक घेऊन हजर. गोड आवाजात म्हणाला, सिस्टर व्हर्डेल, तुम्ही कामगार कसल्या, तुम्ही तर घरच्या. मी विचारलं, घरच्या पोरीला पाचव्या महिन्यात कोणी रस्त्यावर काढतं का. केक तसाच परत घेऊन गेला मेला.

काल त्याचं पत्र आलं. छापील कागद, खाली सही: सोमवारपासून आपल्याला कामावरून कमी केले आहे. कचेरीतली बाई ते वाचून इतकी हसली की चष्मा काढून पुसावा लागला. अकरा वर्षांत मी कामगार असल्याचं त्याने पहिल्यांदाच कबूल केलं, तेही लेखी. तक्रार घेतली तिने, जोनेलची आणि सूड म्हणून काढल्याची माझीही.

माया आहे तशीच ठेव.
तुझी, पंधरावी,
व्हर्डेल