चष्म्यातला वर्ग

७ ऑक्टोबर, सोमवार. त्स्विकाउ
व्हीआर लॅबचं उद्घाटन झालं. आता मोटार इंजिनिअरिंगची दुसऱ्या वर्षाची मुलं इंजिन हवेत खोलणार. डोळ्यांवर चष्मा, हातात दोन रिमोट. ग्रीस नाही, बोट चेमटणं नाही. कल्पना माझी. त्यापायी खरी इंजिनं तळघरात गेली, म्हणून वाइडनरबाई माझ्याशी बोलत नाहीत. लॅबच्या जागी आधी त्यांचं वर्कशॉप होतं. काळाच्या पुढे चालणाऱ्याला हे सोसावंच लागतं.
किरकोळ गडबड: चष्मा लावून पिस्टन उचलायला गेलो आणि डीनसाहेबांच्या हातातला केक उडवला. पांढरा शर्ट त्यांचा. हशा पिकला. मी बराच वेळ चष्मा काढलाच नाही.

१५ ऑक्टोबर
दाढी करताना तो शर्ट आठवतो. कान तापतात. संकल्प: इतकं उत्तम शिकवायचं की केक सगळे विसरतील.
आज जमलं. चष्म्यात सगळ्यांच्या निळ्या आकृत्या इंजिनाभोवती उभ्या. कुजबुज नाही, मोबाईल नाही. इतकी वर्षं शिकवतोय, अशी शांतता पाहिली नाही. शंका एकही नाही. माझी समजावण्याची हातोटीच तशी. लेनार्डची आकृती तर सारखी मान डोलावत होती. मुलगा पुढे जाणार.

२९ ऑक्टोबर
जेवताना बायकोला, गेर्लिंडेला, वर्गातली शांतता सांगितली. ती म्हणाली, मुलांना एकदा विचारून बघ. मी म्हटलं, शांतता हेच उत्तर. त्यावर म्हणे, जेवताना मीही गप्पच असते की. याचा इथे काय संबंध?
डीनसाहेब कॉरिडॉरमध्ये भेटले. मी आपला बुटाची नाडी बांधत बसलो. बुटाला नाडी नव्हती.

५ नोव्हेंबर, दुपार
व्हॉल्व्ह बसवता बसवता चष्म्याची बॅटरी गेली. काढला.
खोली रिकामी. स्टुलांवर ओळीने चष्मे ठेवलेले. लेनार्डचा खिडकीच्या कडीला टांगलेला, हीटरच्या वाऱ्यावर झुलत होता.
फक्त हेन्रिएटे माझ्या मागे जमिनीवर बसलेली, हातात अर्धा पाव. ती धडपडत उठली. बाकीचे कुठे, विचारलं. तळघरात, वाइडनरबाईंकडे, इंजिनं खोलताहेत. केव्हापासून? पहिल्या आठवड्यापासून, सर.
मग तू का थांबलीस?
ती लाल झाली. "सर, तुम्ही शिकवताना मागे मागे सरकता. मागे जिना आहे ना. म्हणून आम्ही पाळ्या लावल्यात."
मी म्हणालो, तास संपला. तो संपायला बराच अवकाश होता.

त्याच दिवशी, संध्याकाळ
बॅटरी कमी क्षमतेची आहे. तक्रार करायला हवी. जिन्याला कठडा नाही, तीही तक्रार. मुलांनी निदान सांगायला हवं होतं.
मुलं मला पडू देत नव्हती. हे कोणाला सांगू? गेर्लिंडेला नाही.

६ नोव्हेंबर
ठरवलं: तळघरात जायचं, सगळ्यांना फैलावर घ्यायचं. उतरताना दोन चांगली कडक वाक्यं जुळवली.
दार उघडलं. आत ठोकाठोक, हसणं, डिझेलचा वास. मला पाहून सगळं थांबलं. लेनार्डचे हात कोपरापर्यंत काळे. एकही वाक्य आठवेना.
वाइडनरबाई महिन्याभरात पहिल्यांदाच माझ्याशी बोलल्या. "लोझे, दार लावून घ्या. गार वारा येतोय."
आत या म्हणत होत्या की जा म्हणत होत्या, विचारायला हवं होतं.
लावलं. बाहेरून.