लिंक जुन्या फाईलवर

१० मार्च
शी! माझ्याआधी इथलं कॉम्प्युटरचं काम बघणारा प्रितेश लॅबचा जो सर्व्हर मागे ठेवून गेला, तो आज पहिल्यांदा नीट उघडून पाहिला. उकिरडा! रक्ताचे रिपोर्ट काढणारा प्रोग्रॅम हिशेबासाठी ज्या लायब्ररी, म्हणजे तयार सूत्रांच्या फाईली, वापरतो, त्या चार ठिकाणी विखुरलेल्या. एक लिंक दुसऱ्या लिंककडे बोट दाखवते, ती तिसरीकडे. आणि खरी फाईल? प्रितेशच्या स्वतःच्या होम फोल्डरात! तिथे माणूस फार तर आपले फोटो ठेवतो.

११ मार्च
लॅबचे मालक अल्पेश सर म्हणाले, "गेलेल्या माणसाचं अकाउंट कशाला? उडव." सांगितलं, रिपोर्ट बंद पडतील. ऐकलं नाही. बॅकअप घेतला आणि उडवलं. फोल्डरही गेला. सगळ्या लिंक हवेत! काउंटरवर बोंबाबोंब. ओरडा मलाच.

१२ मार्च
प्रोग्रॅमच्या कंपनीकडून नवी लायब्ररी आणून सर्व्हरच्या सामाईक फोल्डरात, /usr/local/lib मध्ये ठेवली. एकच जागा, एकच लिंक. प्रत्येक स्क्रिप्टमध्ये प्रितेशनं कोंबलेले फाईलींचे पत्ते उपटून टाकले. तुंबलेली मोरी साफ केल्यासारखं वाटलं — हात धुवावेसे वाटले!

१४ मार्च
अर्नाळ्याच्या आनंदीबाई आल्या, मासळी विकतात. मागच्या महिन्याचा रिपोर्ट भिजला, दुसरा हवा. छापला. भिजलेला कागद समोरच होता. किडनीचा आकडा रक्ताची मोजणी आणि वय यांवरून निघतो, कमी तितका वाईट. त्यात एक्काहत्तर, नव्यात बावन्न. रक्त तेच, मोजणी तीच!
"बरा हाय ना गं बाय? डाक्तर बोलला, चिंता नाय. गुडघ्याची गोली पन चालू हाय."
त्या गोळ्या किडनीलाच वाईट. म्हटलं, विचारून सांगते, तोवर घेऊ नका.
संध्याकाळी बॅकअप उघडला. प्रितेशच्या फोल्डरात जुनी-नवी दोन्ही लायब्ररी. लिंक जुनीवर! जुनीत वयाचा हिशेब चुकतो, हे कंपनीनं कधीच कळवलेलं. प्रितेश, किळस येते तुझ्या आळसाची.

१५ मार्च
सरांना दाखवलं. वेलची चघळत म्हणाले, "ग्लोरिया, लिंक परत जुनीवर फिरव. आकडे बदलले की पेशंट भांडायला येतात. एका ओळीचं तर काम आहे."
नाही म्हटलं. सरळ रिपोर्टवर सही करणाऱ्या डॉक्टर बाईंकडे गेले. त्यांनी दोन्ही कागद बघितले, सह्या थांबवल्या. जुने रिपोर्ट सगळे परत काढायचे, पेशंटना कळवायचं.
आनंदीबाईंना मीच फोन केला. गोळ्या बंद.

१७ मार्च
प्रितेशला फोन लावला. तोंडाला येईल ते बोलले. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाला, "सर्व्हरच्या मुख्य अकाउंटचा, रूटचा पासवर्ड मला कधी दिलाच नाही गं. म्हणून माझ्या फोल्डरात ठेवायचो. लिंक मी नवीवरच लावली होती. सरांनी फिरवली. भांडलो, तर काढून टाकलं मला."