अडतीस टोकं

९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. माझ्यावर रागवायला तुझ्याकडे आधीच पुष्कळ कारणं आहेत. चष्म्याच्या दुकानातली सतरा वर्षांची नोकरी सोडून मी त्रेचाळिसाव्या वर्षी गिटार बनवायला शिकते आहे, याला तू खूळ म्हणतेस. असेलही. पण दुकानात काचांच्या कडा घासायचं यंत्र आलं आणि माझ्या हातांना काम उरलं नाही. आठ तास उभं राहून गिऱ्हाइकांकडे बघून हसायचं, एवढंच राहिलं होतं.

इथे सहा महिने झाले. मला शिकवणारे मिस्त्री सत्तरीचे आहेत, कमी बोलतात. मी गिटार बनवते असं कुणाला सांगू नकोस, कारण माझ्या वाट्याला अजून फक्त टोकं आली आहेत. गिटारच्या मानेवर धातूच्या बारीक पट्ट्या आडव्या ठोकलेल्या असतात ना, भावोजी ज्यांच्या मागे बोट दाबतात, त्या फ्रेट. एका मानेवर एकोणीस. प्रत्येकीची दोन टोकं, म्हणजे अडतीस. पकडीने कापली की ती वस्तऱ्यासारखी होतात. कानशीने आधी ती मानेच्या कडेबरोबर आणायची, मग जराशी तिरपी करायची, आणि शेवटी प्रत्येक टोकाचे दोन कोपरे गोल करायचे. कोपरा म्हणजे केवढा, तर मोहरीच्या दाण्याचा चौथा हिस्सा.

मिस्त्रींना हे करताना तू एकदा पाहायला हवंस. त्यांच्या छोट्या कानशीच्या एका बाजूचे दात त्यांनी स्वतःच घासून काढलेत, म्हणजे धातू कापला जातो पण खालच्या लाकडाला ओरखडा जात नाही. एका कोपऱ्याला तीन हलके हात. उंदीर बिस्किट कुरतडतोय असा आवाज. चौथा हात मारताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. सगळं झालं की जुना नायलॉनचा पायमोजा हातावर चढवून मानेवरून फिरवतात. एक धागा अडकला तरी पुन्हा पहिल्यापासून. माझ्या पहिल्या मानेने अख्खा मोजा खाल्ला. मिस्त्री म्हणाले की मोजे बायकोचे आहेत, आणि तिला अजून पत्ता लागलेला नाही.

भावोजींना नमस्कार. राग ओसरला की लिही, नाही ओसरला तरी लिही.

तुझी,
बारकी

२१ जानेवारी

चि. बारकीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. अडतीस टोकं घासायला माणसाला सहा महिने शिकावं लागतं हे मला अजून पटलेलं नाही. लहानपणी तुला पेन्सिलीला टोक करायला दिलं की अख्खी पेन्सिल संपायची, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. चष्म्याच्या दुकानात निदान सुट्ट्या होत्या, म्हातारपणाची सोय होती. असो. सांगून झालं.

इकडे ह्यांची तब्येत तशी बरी आहे. हृदयाची झडप बदलल्यापासून रक्त पातळ करायची गोळी मात्र जन्माची मागे लागली. गेल्या रविवारी नेहमीसारखे गिटार घेऊन बसले. थंडीमुळे खोलीत दिवसभर हीटर चालू होता. वाजवता वाजवता हात मानेवरून खाली सरकला आणि तर्जनीच्या मुळाशी काहीतरी लागलं. जखम केसाएवढी, पण रक्त थांबायला चाळीस मिनिटं लागली. मी टॉवेल दाबून बसले होते आणि हे मला धीर देत होते, उलटंच सगळं.

डॉक्टर म्हणाले, खुशाल वाजवा, फक्त कापून घेऊ नका. ह्यांनी मान डोलावली, घरी आले, गिटार पेटीत घातली आणि पेटी कपाटावर चढवली. मी विचारलं तर म्हणाले की बोटांनाही कधीतरी निवृत्ती लागतेच. संध्याकाळी सहाला आता सकाळचंच वर्तमानपत्र दुसऱ्यांदा वाचतात. तीस वर्षं मी ह्यांना जरा हळू वाजवा म्हणत आले. आता घरात फ्रिजची घरघर ऐकू येते.

तू काही करावंस म्हणून हे लिहिलेलं नाही. दुसरं कुणाला सांगू, म्हणून लिहिलं.

अंगावर गरम कपडे घालत जा.

तुझी,
ताई

३० जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गिटार पाठव. भावोजींना काहीही सांग, पण पाठव.

त्यात बिघाड काही नाही. कोरड्या हवेत लाकूड आक्रसतं, धातू आहे तेवढाच राहतो, म्हणून फ्रेटची टोकं कडेबाहेर डोकावतात. नुसती नजर टाकून दिसतही नाहीत, हात फिरवला की मगच कळतं. तुझं पत्र मी मिस्त्रींना वाचून दाखवलं आणि हे काम तुम्हीच करा म्हटलं. त्यांनी विचारलं की गिटार कुणाची. बहिणीच्या नवऱ्याची, असं मी सांगितलं. तर म्हणाले, मग माझ्याकडे कशाला देतेस. आणि रंधा मारायला लागले. ताई, मला रात्री झोप लागली नाही हे तुला म्हणून सांगते.

तुझी,
बारकी

६ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अ. उ. आ.

गिटार आज रवाना केली. मी ह्यांना खरं तेच सांगितलं, मला खोटं जमत नाही. ह्यांनी पेटी खाली काढली, मऊ फडक्याने गिटार पुढून-मागून पुसली, ताराही एकेक करून पुसल्या, आणि पेटी बंद केली. पाहुण्याला स्टेशनवर सोडायला जातात तसे पार्सलच्या खिडकीपर्यंत माझ्याबरोबर आले. परतताना एवढंच म्हणाले की तिला घाई करू नको म्हणावं.

मी तुला घाई करत नाही. पण नीट कर.

तुझी,
ताई

१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गिटार आज परत पाठवली. त्याआधी जे झालं ते तुला माझ्याकडूनच कळायला हवं.

पहिल्या दिवशी मी काम सुरू केलं. मानेवर कागदी चिकटपट्टी लावली, प्रत्येक टोकाला काळी शाई लावली, म्हणजे कानस कुठे लागली ते दिसतं. सहा फ्रेट चांगल्या झाल्या. सातवीवर आले तेव्हा तुझा तो टॉवेल डोळ्यांपुढे आला. तीन हातांवर थांबायचं ते मी सात-आठ हात मारले. टोक इतकं गुळगुळीत झालं की मी मनातल्या मनात खूश झाले. मिस्त्रींनी तार चढवली, बोटाने दाबून जराशी ओढली, आणि तार कडेवरून घसरून खाली गेली. टोकच उरलं नव्हतं तिला धरायला.

तीस वर्षं भावोजींनी जपलेली गिटार, आणि मी तिची एक फ्रेट घालवली. मी कानस ठेवली आणि पुढचं तुम्ही करा असं त्यांना हात जोडून सांगितलं. मिस्त्री स्टूल ओढून माझ्या शेजारी बसले. म्हणाले की घाबरून घासलं की जास्तच घासलं जातं, त्यांनी स्वतः अशा किती घालवल्या त्याची मोजदाद नाही. मग त्यांनी सातवी फ्रेट तापवली, पकडीने हळूहळू उपटली, खालच्या लाकडाचा एक टवकाही न काढता. नवी पट्टी कापून माझ्या हातात दिली. ठोकायची तूच, म्हणाले, आणि ठोकून होईपर्यंत तिथून हलले नाहीत.

पुढचे चार दिवस मी मोजून घासलं. पायमोजा फिरवला, अडकला नाही. पण मोज्यावर माझा भरवसा बसेना, म्हणून मनगटाची आतली बाजू मानेवरून वर-खाली फिरवली. तिथली कातडी सगळ्यांत पातळ असते. काही लागलं नाही. मिस्त्रींनी एकदाच हात फिरवला आणि चहा प्यायला गेले. आल्यावर त्यांनी स्वतःच्या नव्या गिटारची मान माझ्यापुढे ठेवली. ती पुरी झाल्यावर मी तपासायला नेली, तर त्यांनी न तपासताच तारा चढवल्या.

भावोजींना सातव्या फ्रेटचं तू सांग. माझी हिंमत होत नाही.

तुझी,
बारकी

४ मार्च

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद, आणि आज त्यांच्याबरोबर थोडी माफीही.

पेटी आली तेव्हा हे आंघोळीला गेले होते. मी आधी स्वतः हात फिरवला, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. मग सातव्या फ्रेटचं ह्यांना सांगितलं. ह्यांनी ती खिडकीपाशी नेऊन पाहिली, बाकीच्यांपेक्षा जरा जास्त चमकते. म्हणाले, घरातलं एक माणूस तरुण असलेलं बरं.

पहिल्या दिवशी ओल्या फरशीवरून चालावं तसा हात मानेवरून चालत होता. मी काय ऐकणार, मी नुसती हाताकडे बघत होते. तिसरी चाल सुरू झाली आणि हात सगळं विसरला, सुळकन खाली गेला, वर आला. हे थांबले, तळवा उलटून पाहिला, मला दाखवला, आणि पुन्हा सुरू झाले. आज आठवा दिवस. एक ओरखडा नाही. सहा वाजले की फ्रिज ऐकू येत नाही.

आता माझं. बारकी, गेले आठ महिने मी शेजारणीला सांगत होते की तू अजून चष्म्याच्या दुकानातच आहेस. मला लाज वाटत होती, खोटं कशाला बोलू. म्हणजे खोटंही मला चांगलं जमतं, हे कळलं. काल ती बसायला आली, गिटार ऐकली, आणि मी सगळं खरं सांगितलं. तिने विचारलं की म्हणजे बहीण नेमकं करते काय. मला सांगता येईना. शेवटी मी तिला आत नेलं, तिचा हात धरून गिटारच्या मानेवरून वरपासून खालपर्यंत फिरवला. ती म्हणाली, इथे तर काहीच लागत नाही हाताला.

मी म्हटलं, हो, तेच करते ती.

मिस्त्रींच्या बायकोसाठी मोज्यांचे चार जोड सोबत पाठवते आहे. लोभ आहेच, तो वापरत राहा.

तुझी,
ताई