गिरणीला न दिलेलं इंजिन

जालना,
२ फेब्रुवारी १९३८

प्रिय बद्री,

अनेक आशीर्वाद. तुझं मुंबईहून आलेलं कार्ड पोचलं. ‘गाडी विकून टाक, जो नेईल त्याला दे,’ एवढं लिहून खाली सही. ना खुशाली, ना दाजींना नमस्कार. पोस्टमननं ते वाचूनच दिलं असणार, कारण दुपारपर्यंत गल्लीभर झालं होतं की सगुणाबाईंना मोटार विकायची आहे. माझी मोटार म्हणे. तिच्यापायी मी काय काय सोसलं ते मला माहीत, पण ती माझी कधी झाली रे?

वकिलीच्या अभ्यासाला तुला पुण्याला पाठवलं आणि तू परत आलास ते हे धूड घेऊन. दाजींच्या जिनिंगच्या आवारात, सरकीच्या ढिगाशेजारी तू ते उभं केलंस तेव्हा मी विचारलं होतं, याचं छत कुठंय? तू म्हणालास, “अक्का, छताला वजन असतं.” दरवाजे? त्यांनाही वजन असतं. मागची बैठक? तिच्याबद्दल विचारायचंही मी सोडून दिलं. मग तू तासभर मला उन्हात उभं करून समजावलंस, की ही रस्त्यावरची मोटार नव्हेच. विलायतेत नुसत्या शर्यतीसाठी बांधलेल्या गोल रस्त्यावर पळायला ही घडवली, आणि जे पळायच्या कामाचं नाही ते हिच्यात ठेवलेलंच नाही. हातब्रेकच्या दांड्यालासुद्धा हलका व्हावा म्हणून भोकं पाडलेली. मी म्हटलं, माझ्या झाऱ्यासारखी. त्यावर तू इतका खूश झालास की चार घरी जाऊन सांगितलंस, आमच्या अक्काला मोटारीतलं कळतं.

कळत काहीच नव्हतं. बदनापूरला मावशीकडच्या बारशाला मला तिच्यातून नेलंस, तेव्हा नव्या लुगड्यावर तेलाचे शिंतोडे आणि केसांत पाव शेर धूळ घेऊन मी उतरले. पाळण्यातलं पोर माझ्याकडे बघून रडायला लागलं. तू मात्र बाहेर पुरुषांच्या घोळक्यात उभा राहून सांगत होतास की वळणावर ब्रेक वळणाच्या आधी मारायचा असतो, वळणात नाही. ऐकणाऱ्यांपैकी एकाजवळही मोटार नव्हती. पुढं छावणीच्या जुन्या परेडीच्या मैदानावर तू चुन्यानं वळणं आखलीस आणि रोज सकाळी तो आवाज सुरू झाला. तक्रार गेली, पोलीस ठाण्याचे अमीनसाहेब स्वतः मैदानावर आले, आणि तू त्यांनाच शेजारच्या जागेवर बसवून फिरवून आणलंस. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले, तक्रारीसाठी नव्हे. तेव्हा मी डोक्याला हात लावला. या गावात तुला आवरणारं कुणी उरलंच नाही असं वाटलं. एवढी वर्षं मी एकच सांगत आले, सोड हा नाद. जेवताना सांगितलं, आजारपणात सांगितलं, तुझ्यासाठी आलेली स्थळं परत गेली तेव्हा सांगितलं. तू हसायचास आणि ताट सरकवून पुन्हा गाडीखाली शिरायचास.

दिवाळीनंतर मुंबईच्या शर्यतीला गेलास, मेकॅनिक म्हणून महेमूदला बरोबर नेलंस. तो एकटाच परत आला, मालगाडीत घातलेली मोटार घेऊन. मी विचारलं तर एवढंच म्हणाला, “वळणावर घसरली अक्का, भाईला थोडं लागलंय, येतीलच.” मी विश्वास ठेवला. नंतर तुझं कार्ड आलं, आणि टेंभुर्णीहून पुंजाराम आला. त्याला पिठाची गिरणी टाकायची आहे. त्यानं सुतळीनं इंजिनाची लांबी-रुंदी मोजली आणि म्हणाला, “बाई, इंजिन तेवढं न्हेतो. पत्रा तुमचा तुम्ही ठिवा, कोंबड्याला बराबर होईल.” भला माणूस आहे, त्याच्या बोलण्यात वाकडं काही नव्हतं. पण त्यानं इंजिनाच्या झाकणावरचा चामडी पट्टा सोडायला हात घातला आणि महेमूद मध्ये येऊन उभा राहिला. म्हणाला, “अक्का, भाईनं कसम घातली व्हती, सांगू नको म्हणून. आता मी सांगून राह्यलो. डावा पाय गेला त्यांचा. गुडघ्याच्या खालून काढला.”

बद्री, हे मला गिरणीवाल्याच्या देखत कळावं? आई गेल्यावर तुला मी कडेवर वाढवलं. तुला काटा मोडला तरी मला सांगायचास. पुंजाराम बिचारा सुतळी गुंडाळत उभा राहिला. मी त्याला चहा दिला आणि सांगितलं, इंजिन विकायचं नाही. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. इतकी वर्षं सोड सोड म्हणून घसा कोरडा केला तेव्हा तू ती सोडली नाहीस, आणि आता एका ओळीत सोडतोस, याचा मला संताप आला. मी सांगितलं म्हणून सोडली असतीस तर मी पेढे वाटले असते. अशी सोडलेली मला नको.

महेमूदनं चाकं सरळ करून घेतली. मग डाव्या पायानं दाबायच्या क्लचला एक लांब लोखंडी दांडा जोडून तो डाव्या हाताशी आणला. मी म्हटलं, चालेल कशावरून? तर त्यानं माझ्या जुन्या लुगड्याची पट्टी मागून घेतली, स्वतःचा डावा पाय दुमडून मांडीला बांधला आणि तसाच गाडीत चढला. शेजारी मी बसले. दाजी नको म्हणत होते. परेडीवर गाडी कितीदा तरी बंद पडली, महेमूद उर्दूत पुटपुटत राहिला. एका हातात क्लच, दुसऱ्यात गिअर, तेवढा वेळ चक्र गुडघ्यानं धरायचं, हे बघत मी दोन्ही हातांनी पत्रा धरून बसले होते. मग एकदा सगळं जुळलं आणि ती सुटली. वळण आलं तेव्हा मीच ओरडले, “अरे, आधी ब्रेक मार.” तो म्हणाला, “मारला अक्का.” उतरल्यावर मला आणखी एक फेरी हवी होती. हे दाजींना सांगू नकोस.

हे पत्र टपालानं येत नाहीये, ते तुझ्या ध्यानात आलंच असेल. तुझ्या इस्पितळातल्या खाटेशी दाजी उभे आहेत, त्यांनीच ते तुझ्या हातात दिलं. त्यांच्याशी वाद घालू नकोस. ते तुला घेतल्याशिवाय परतणार नाहीत, मी तसं बजावून पाठवलंय. कुबड्या घेऊन गावात कसा उतरू, हा विचार तुझ्या डोक्यात असणार. तो सोड. जालना स्टेशनच्या बाहेर महेमूद मोटार घेऊन उभा असेल. तू आलास की तो खाली उतरेल आणि दाजींबरोबर टांग्यानं येईल. स्टेशनापासून घरापर्यंत ती तुलाच चालवायची आहे. शेजारी मी बसेन.

तुझीच,
सगुणाअक्का