फोटोतला उघडा डोळा

४ फेब्रु.
भाच्याच्या लग्नाला आठवडा झाला. बड़ा फुहारा चौकातल्या स्टुडिओतून फोटो आणायला गेलो. ग्रुपफोटोत आमच्या हिची, सुधाची, डावी पापणी अर्धी मिटलेली. मांडवातच फोटोग्राफर म्हणाला होता, "आंटी, आँख खोलिए." मी म्हणालो, "रहने दो भैया, जिजाजींना डोळा मारून राहिली." सगळे हसले. तीही.
स्टुडिओवाल्याने कॉम्प्युटरवर उजवा डोळा उलटा करून डावीकडे बसवला. जुना फोटो मीच पुसायला सांगितला.

९ फेब्रु.
सु.च्या डोळ्यामागे ठणका. म्हणालो, विणकाम कमी कर. नंबर वाढला असेल.

१५ फेब्रु.
पापणी पूर्ण मिटली. सु. ती बोटाने वर धरून तांदूळ निवडत होती.
"दोन-दोन दाणे दिसून राहिले."
"आधी काहून नाही सांगितलं?"
"लग्नातच सांगितलं ना. तुम्ही हसला."

१६ फेब्रु.
डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी टॉर्च मारला. उजेडातही डावी बाहुली मोठीच. चष्म्याचा विषय नाही. चिठ्ठी दिली : आजच मेंदूच्या सर्जनकडे.
स्कॅन. मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आलाय, डोळ्याच्या नसेवर दाबतोय. अजून फुटलेला नाही.
सर्जन म्हणाले, "पलक कब से गिरी है? कोई पुरानी फोटो दिखाइए."
मोबाईलमध्ये तोच दुरुस्त केलेला ग्रुपफोटो. दोन्ही डोळे उघडे.
"यानी शादी में ठीक थीं. अच्छा है. नस पर दबाव नया हो तो पलक लौट आती है."
मी मोबाईल खिशात टाकला. सु. एका डोळ्याने माझ्याकडे बघत होती.

१८ फेब्रु.
कवटी उघडून फुग्याच्या मुळाशी क्लिप लावली. पाच तास. शुद्धीवर आल्यावर "अहो" म्हणाली. जीव वाचला.
पापणी मिटलेलीच.

२७ फेब्रु.
टाके काढले. सर्जन म्हणाले, "महीनों लगेंगे. आप लोग जल्दी आए, इसलिए उम्मीद है." तेव्हा तरी मी खरं सांगायला हवं होतं. रिक्षात सु. म्हणाली, "त्यांना कशाला फसवता?" एवढंच.

६ मार्च
सर्जनकडे एकटा गेलो. पापणी लग्नातच पडली होती, फोटो दुरुस्त केलेला, हे सांगितलं. सर्जननी फाइलमधली 'शादी में ठीक' ही ओळ खोडली. "ऑपरेशन तो वैसे भी करना ही था. पलक का... देखते हैं." माझ्यावर रागावले असते तर बरं होतं.

२१ मार्च
भिंतीवरचा ग्रुपफोटो उतरवू लागलो. "राहू द्या," सु. म्हणाली. "आरशाशी ताडून पाहायला होतो."
सकाळी आरशासमोर उभी. "पापणी हलली का?"
हो म्हणणार होतो. चष्मा पुसला, जवळ गेलो.
"पुन्हा कर," म्हणालो. "आता नीट बघतो."